तीन ठिपक्यांचा हात

डॉक्टर प्लेटे हे दाताचे डॉक्टर. हागेन शहरात छत्तीस वर्षं लोकांचे दात काढले आणि निवृत्त झाल्यावर दुसऱ्या महायुद्धातल्या बिल्ल्यांच्या मागे लागले. कोणता बिल्ला कोणत्या कारखान्यातून निघाला हे त्याच्या घडणीवरून आणि झिलईवरून ओळखायचं, आणि त्याचं एक जाडजूड पुस्तक करायचं, एवढंच आता त्यांचं काम. आमच्या दरीत एके काळी घरटी एक माणूस बिल्ले, बटणं आणि बक्कलांच्या कारखान्यात असायचं. फेल्टहाउसच्या कारखान्यात बिल्ल्यांच्या मागे पिन अडकवायचे आकडे बसवणाऱ्या बायकांपैकी इथं मी एकटीच उरले आहे, म्हणून ते माझ्याकडे आले.

दोन हजार सालचा ऑक्टोबर होता. त्यांच्याबरोबर गाडीतून इम्के लोहोफ नावाची मुलगी उतरली. ती जिल्ह्याच्या दप्तरखान्यात कामाला आहे. माझा पत्ता डॉक्टरांना तिनंच दिला होता.

"बस आठवड्यातून दोनदाच येते, म्हणून यांच्या गाडीत बसले," ती म्हणाली. "वाटेत मला ठशांचे सगळे प्रकार पाठ झाले, फ्राऊ हेस्मर. आता परीक्षाच घ्या."

"ऐकत कुठं होतीस? झोपली होतीस तू," डॉक्टर म्हणाले.

"तुमच्या खुर्चीवर पेशंट झोपायचे नाहीत का?"

"ते ओरडायचे."

मी कॉफी केली, आलुबुखाराचा केक कापला. डॉक्टरांनी केकला हात लावायच्या आधी टेबलावर हिरवं फडकं पसरलं आणि पेटी उघडली. आत पायदळाच्या हल्ल्यात लढलेल्यांना मिळणारे बिल्ले होते, तीस-बत्तीस. पानांचा गोल, मधे तिरकी बंदूक, वर गरुड. गरुडाच्या पायातल्या नाझी स्वस्तिकावर डॉक्टरांनी प्रत्येकाला कागदाची बारीक चिकटपट्टी लावली होती. छप्पन्न वर्षांनी मी ते पाहत होते. चांदीचं पाणी जस्तावर टिकत नाही, ते आत जिरतं. सगळे बिल्ले चुलीतल्या राखेसारखे दिसत होते.

"पुढची बाजू सगळ्यांची सारखीच," डॉक्टर म्हणाले. "मी मागची बघतो. बिजागरी कशी आहे, पिनची तार जाड की बारीक, आकडा कसा बसवलाय, तो जोडणारी डाख कशी दिलीय. कारखान्याचा छाप नसला तरी मागची बाजू बोलते. आता हे पाहा, कडेला."

त्यांनी एक बिल्ला उलटा करून भिंग माझ्या हातात दिलं. मला भिंगाची गरज नव्हती. कडेला तीन ठिपके होते, दोन शेजारी आणि एक त्यांच्या खाली.

"हे तुमचे ना?"

"माझे," मी म्हणाले.

आमच्याकडे रीत अशी होती की आकडा बसवणाऱ्या प्रत्येक बाईची एक ठोकणी असायची. आकडा बसवला, थंड झाला की ठोकणी ठेवून हातोडीचा एक हलका टोला. आकडा पुढं निसटला तर कोणाला धरायचं ते कळावं म्हणून. माझी तीन ठिपक्यांची होती. मला तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं. कारखान्यात कोणाला ते ठाऊक नव्हतं, आणि ठिपक्यांमुळं ते कळलंही नाही. अक्षरं मी अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकले, संध्याकाळच्या वर्गात, माझ्याहून लहान मास्तरणीकडं.

डॉक्टर आता रंगात आले होते. "तीन ठिपक्यांचा हात, असं मी पुस्तकात नावच दिलंय. त्याचे तीन काळ पडतात. फौजेची न फोडलेली पाकिटं मला मिळाली, त्यांवर तारखा आहेत, म्हणून खात्रीनं सांगतो. पहिला काळ त्रेचाळीसचा. आकड्याच्या पायाशी डाखेचा गोळा, वर कानस मारलेली. राग नका मानू, पण काम ओबडधोबड आहे. मग चव्वेचाळीसच्या मार्चपासून एकदम बदल. जस्तावर अशी डाख मी दुसरीकडं कुठंच पाहिली नाही. कानस नाही, गोळा नाही, आकड्याभोवती पातळ कॉलरसारखी बसलेली. आणि नोव्हेंबरपासून पुन्हा तोच गोळा. मी फार विचार केला. उपासमार असेल, विमानांचे हल्ले असतील, हात थरथरत असेल. बरोबर ना?"

मी केकवरची माशी हाकलली.

"बोला की," डॉक्टर म्हणाले. "एवढं सुंदर काम करणारा हात मला बघायला मिळाला, मी तर फुलंच आणणार होतो."

"मग आणली का नाहीत?" इम्के म्हणाली.

"तूच घाई केलीस."

मग इम्केनं आपल्या पिशवीतून एक कागद काढला. युक्रेनमधून पत्र आलं होतं, तिनं त्याचं भाषांतर करून आणलं होतं. पत्र पाठवणारीचं नाव मोत्रिया श्चेर्बिना, वय पंच्याहत्तर. लढाईत आपल्याला गावातून उचलून गाडीत घालून जर्मनीत नेलं, डोंगरातल्या एका कारखान्यात आपण बिल्ल्यांना आकडे लावत होतो, मुकादमाचं नाव डोर्नर होतं, असं तिनं लिहिलं होतं. जबरीनं कामाला आणलेल्यांना भरपाई द्यायचं आता सरकारनं ठरवलं होतं. पण त्या यादीत नाव यायला इथलं काहीतरी लागत होतं, एक कागद किंवा एक साक्षीदार.

"फेल्टहाउसचं दप्तर पंचेचाळीस सालीच जळालं," इम्के म्हणाली. "या मजुरांच्या छावणीच्या यादीत पहिली चार पानं नाहीत. एकदा मी तिला लिहून कळवलं की तुमचं नाव आमच्याकडं सापडत नाही. त्यावर तिचं हे दुसरं पत्र आलं. ती म्हणते, घरी इतकी वर्षं मी हे लपवून ठेवलं, कारण जर्मनीत राबलेल्यांना आमच्याकडं देशद्रोही म्हणायचे. आता सांगितलं तर नातू म्हणतो, आजी, जर्मन लोक म्हणतात तू तिथं नव्हतीसच. वर्षअखेरपर्यंत मुदत आहे. तुम्हाला आठवतं का कोणी मोत्रिया?"

"पुष्कळ मुली होत्या," मी म्हणाले.

"आकड्यांच्या टेबलावर?"

"पुष्कळ होत्या. नावं कोण विचारायचं?"

इम्केनं कागद घडी करून पिशवीत ठेवला. ती नाराज झाली नाही, तिला अशा उत्तरांची सवय असावी. डॉक्टरांनी जाताना चार बिल्ले माझ्याकडं ठेवले. निवांत बघा, काही आठवलं तर सांगा, म्हणाले.

मी त्यांना चार दिवस हात लावला नाही. पाचव्या दिवशी बटाटे सोलून झाल्यावर हात पुसले आणि एक उचलला. अंगठा आकड्याच्या पायावर गेला. कपाची कड ओठाला लागावी तशी मऊ डाख. डोळे मिटूनही मी सांगितलं असतं की हा माझा नाही.

मोत्रिया चव्वेचाळीसच्या मार्चमध्ये आमच्या टेबलावर आली. तेव्हा ती एकोणीस वर्षांची, मी वीस. पितळ संपलं होतं आणि सगळं जस्तात चाललं होतं. जस्ताला डाख देणं म्हणजे वैताग. ज्योत जरा जास्त वेळ धरली की बिल्लाच ओघळतो, कमी धरली की आकडा दुसऱ्या दिवशी हातात येतो. मी घाबरून वरून डाखेचा गोळा ओतायची आणि कानशीनं साफ करायची. मोत्रियानं दोन दिवस नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी मोडक्या वस्तऱ्याच्या पात्यानं जस्त चौकोनात खरवडलं, काडीनं तेजाब लावलं, आणि ज्योत बिल्ल्याला न दाखवता आकड्यालाच दाखवली. आकडा लाल झाला की डाखेत बुडवून खाली टेकवला. डाख आपोआप पसरली. तिचा बाप खेड्यात विळे-कोयते डाखायचा, एवढं मला खुणांनी कळलं.

डोर्नर मुकादमानं तो बिल्ला उन्हात धरून पाहिला. मग मला म्हणाला, "टिल्डे, हिच्या मालावर तुझे ठिपके मार."

"का?"

"फौजेच्या छातीवर रशियन पोरीची खूण जाऊ द्यायची का? तिला ठोकणी मिळणार नाही. तुझ्या टेबलाचा माल, तुझे ठिपके."

पूर्वेकडून आणलेल्या सगळ्यांनाच आम्ही रशियन म्हणायचो. ती नाही म्हणून मान हलवायची, पण तिच्याकडं कोणी बघत नव्हतं.

तिचे बिल्ले माझ्यापुढं यायचे आणि मी ठिपके मारायची. त्या उन्हाळ्यात आकड्यांच्या टेबलावरची सगळ्यात चांगली कारागीर म्हणून माझा सत्कार झाला. मला चामड्याचे बूट मिळाले, कारखान्याच्या दारात फोटो काढला. मोत्रियाला सलगमाचं पातळ सूप मिळायचं, छावणीतल्या सगळ्यांना मिळायचं तेच. माझ्या बुटांकडं तिनं एकदा पाहिलं आणि हाताच्या बोटानं छान आहेत अशी खूण केली. टोमणा होता की खरंच म्हणत होती, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी फौजेकडून माल परत आला. एक पेटी भरून बिल्ले, आकडे निसटलेले. डोर्नरनं पेटी टेबलावर उपडी केली. सगळ्यांवर माझे तीन ठिपके होते. मी एक उचलला आणि तुटलेल्या जागेवर बोट फिरवलं. खाली जस्त खरवडलेलं नव्हतं, वर कानशीचे ओरखडे होते. दुसरा उचलला, तोही तसाच. तिथं पडलेला एकेक बिल्ला माझ्या हातचा होता.

डोर्नर म्हणाला, "हे रशियन पोरीचं काम. मुद्दाम केलंय."

माल माझा आहे, असं मी म्हणू शकले असते. एक वाक्य पुरलं असतं. त्यानं मला काही केलं नसतं, फार तर बूट परत घेतले असते. मी खाली बघत राहिले. मोत्रियाला त्याच दिवशी तेजाबाच्या खोलीत पाठवलं. तिथं खिडकी नव्हती, माल झिलईला जाण्याआधी तेजाबात बुडवायचा आणि उघड्या हातांनी काढायचा. ती मला नंतर आवारात दोनदा दिसली. हात चिंध्यांनी बांधलेले होते आणि ती सारखी खोकत होती. फेब्रुवारीत त्या मुलींना कुठं दुसरीकडं नेलं. त्यानंतर काही कळलं नाही.

चांगला निघाला तो बिल्ला माझा आणि वाईट निघाला तो तिचा, असा तो सगळा हिशेब होता, आणि डॉक्टर प्लेटे आता तो पुस्तकात छापणार होते.

मी इम्केला फोन केला. म्हटलं, डॉक्टरांना घेऊन ये, आणि त्यांना म्हणावं पेटी आणा.

दोघं शनिवारी आले. डॉक्टरांनी खरंच फुलं आणली होती. मी ती पाण्यात ठेवली नाही, ओट्यावरच राहू दिली.

"बसा," मी म्हणाले. "माझ्या डोळ्यांवर हा टॉवेल बांध, इम्के. घट्ट बांध."

"हे काय, लपाछपी?" डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही एकेक बिल्ला माझ्या हातात द्या. काही बोलू नका."

माझ्याकडचे चार पेटीत मिसळून त्यांनी दिले. मी अंगठा फिरवत गेले. डावीकडं, उजवीकडं. एखाद्याला वेळ लागला, बहुतेकांना नाही. दोन बिल्ले मी परत दिले, हे आमच्या कारखान्याचेच नाहीत म्हणून.

डॉक्टर हसले. "त्यांवर ठिपके नाहीत. तेवढे मी मुद्दाम मिसळले होते."

बत्तीस झाल्यावर टॉवेल सोडला. डावीकडं सतरा, उजवीकडं तेरा. डॉक्टर भिंग घेऊन खाली वाकले. बराच वेळ एकेक उचलून बघत राहिले. मग आपली वही काढली आणि तारखा ताडून पाहिल्या.

"उजवीकडचे सगळे मधल्या काळातले," ते म्हणाले. "मार्च ते ऑक्टोबर. पण डावीकडंही त्याच महिन्यांतले सहा आहेत. एकाच महिन्यात दोन तऱ्हा? हे माझ्या नजरेतून सुटलं कसं? मला वाटलं होतं हे सहा जुन्या साठ्यातले असतील."

"डावीकडचे माझे. उजवीकडचे मोत्रियाचे."

इम्केनं कप खाली ठेवला.

मी सगळं सांगितलं. ठिपके कसे मारले ते, बूट, परत आलेली पेटी, मी खाली बघत राहिले तेही. सांगताना मी कोणाकडं बघितलं नाही. बाहेर शेजाऱ्याचं लाकूड फोडणं चाललं होतं.

डॉक्टर म्हणाले, "म्हणजे तीन काळ वगैरे काही नाही."

"नाही. माझा हात पहिल्यापासून शेवटपर्यंत तसाच होता."

"अकरा पानं लिहिलीत मी त्यावर."

"डॉक्टर," इम्के म्हणाली.

"अगं, मी तक्रार करत नाहीये. आपण काय लिहिलं ते सांगतोय." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पेशंट म्हणायचा डावा दात दुखतो, मी म्हणायचो उजवा. कितीदा त्याचंच खरं निघायचं."

इम्के माझ्याकडं वळली. तिचा आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता, पण कडवटही नव्हता. "त्या दिवशी तुम्ही मला नाही म्हणालात."

"हो."

"आज का?"

"हातात घेतल्यावर मला खोटं बोलता येईना," मी म्हणाले. दुसरं खरं उत्तर माझ्याकडं नव्हतं. "आता पुरेल का हे, एवढं सांग."

ती विचार करून बोलली. "साक्षीदार एकच, छप्पन्न वर्षांनी, आणि सत्त्याहत्तर वर्षांची. वर बसलेले साहेब शंका काढतील. शिवाय तुम्ही आधी मला नाही म्हणालात, हेही मला टिपणात लिहावं लागेल. पण बिल्ले आहेत. डॉक्टरांनी लिहून दिलं की मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत त्या टेबलावर एक दुसरा हात होता, वेगळ्या पद्धतीनं काम करणारा, आणि मोत्रियाबाईंनी स्वतः सांगितलेली पद्धत तीच निघाली, तर ते कोणाला नाकारता येणार नाही."

"तिनं पद्धत सांगितलीय?" मी विचारलं.

"नाही. मी विचारलंच नव्हतं. तुमचं लिहून घेतल्यावर तिला विचारते. तुमचं काहीही तिला न कळवता."

डॉक्टरांनी चौदा बिल्ले स्वतः दप्तरखान्यात जमा करायचं कबूल केलं, त्यांतले नऊ मोत्रियाचे. त्यांना ते जड गेलं, मी पाहिलं. एकेक बिल्ला पाकिटात घालताना ते जरा थांबत होते.

साक्ष मीच लिहिली. इम्के म्हणाली, तुम्ही सांगा, मी टाइप करते, पण मी नको म्हटलं. दोन पानांना पूर्ण दुपार लागली. 'मी खाली बघत राहिले' हे वाक्य मी एकदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं. डॉक्टर तोवर उरलेला केक खात बसले आणि मधून मधून विचारत होते, कानस कोणती होती, सपाट की अर्धगोल, तेजाबात पाणी किती. मी सांगत होते. त्यांना ते खरंच हवं होतं.

नोव्हेंबरच्या अखेरीस मोत्रियाचं उत्तर आलं. इम्केनं फोनवर वाचून दाखवलं. आधी खरवडायचं, मग तेजाब, मग ज्योत, पण ज्योत आकड्याला दाखवायची, बिल्ल्याला कधीच नाही, नाही तर ओघळतो. बाबांनी शिकवलं होतं. खाली तिनं पात्याचं चित्र काढलं होतं, एक कोपरा मोडलेलं.

तिचं नाव यादीत आलं. तसा कागद तिला डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेला.

डॉक्टरांचा फोन जानेवारीत आला. ती अकरा पानं त्यांनी काढून टाकली होती आणि नव्यानं लिहीत होते. "मोत्रियाचं पूर्ण नाव छापायचं की नाही ते तिला विचारलंय," ते म्हणाले. "तुमचंही छापू का? काय म्हणून लिहू?"

"तीन ठिपके जिचे होते ती बाई, म्हणून लिहा. आणि मोत्रियाच्या मालावर ते मी मारले, असं लिहा."

"लोक काय म्हणतील तुम्हाला?"

"जे म्हणायचं ते म्हणतील, डॉक्टर. दरीत आता मला ओळखणारे उरलेत किती?"

मार्चमध्ये इम्के बसनं आली. मोत्रियाच्या नातवानं पत्र लिहिलं होतं, आजीनं सांगितलं तसं. कागद पोचला. आजीनं तो शेजाऱ्यांना दाखवला, मग पोस्टमनला दाखवला, मग कपाटात ठेवला. या हिवाळ्यापासून तिचे हात चालत नाहीत, म्हणून मी लिहितो आहे. तिनं एवढं कळवायला सांगितलं आहे की खरं सांगणाऱ्या बाईंचे आभार. टेबलावर आपल्या शेजारी कोण बसायचं ते तिला आठवत नाही. मुकादमाचं नाव आठवतं, तेजाबाची खोली आठवते, आणि परत पाठवलेली पेटी आठवते. तो माल कोणाचा होता हे तिला तेव्हाही कळलं होतं, कारण डाख तिची नव्हती. पण ती मुलगी कशी दिसायची, ते गेलं डोक्यातून.

इम्केनं पत्र माझ्यापुढं ठेवलं.

"उत्तर लिहायचंय का?" तिनं विचारलं. "मी भाषांतर करून पाठवीन."

मी म्हटलं, "नको. तिनं काही विचारलेलं नाही."

इम्केची परतीची बस चारला होती. तोवर आम्ही दोघी बसून राहिलो. मी तिला पुन्हा कॉफी ओतली आणि ती पीत तिनं मला दप्तरखान्यातल्या आणखी नावांची यादी दाखवली, ज्यांचं काहीच सापडत नव्हतं. मी चष्मा लावला आणि पहिल्या नावापासून वाचायला सुरुवात केली.